कम्युनिटी कॉलेजात पहिल्या सत्राचे विषय निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी शिक्षणाविषयी मराठी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यात नामांकित विद्यापीठे, शिष्यवृत्त्या आणि व्हिसा यांपलीकडे फारसे काही नसते. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजे त्यात क्वचितच दिसतात आणि दिसली तरी ‘स्वस्तातला मार्ग’ एवढ्यावर विषय आटोपतो. या सरकारी कॉलेजांत पहिली दोन वर्षे करायची आणि मग विद्यापीठात जायचे (यालाच ट्रान्सफर म्हणतात), अशी ही वाट. राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत. फ्रीमॉन्ट, सनीव्हेल, सॅन होजे परिसरातल्या मराठी घरांतली मुले तिथे जातात, एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आलेल्या, भारतातली पदवी हाताशी असलेल्या बायका जातात, आणि पुण्या-नाशिकहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर थेट येणारे विद्यार्थीही असतात. इथे प्रवेशाला गुणांची अट नाही, कट-ऑफ नाही, म्हणून घरचे निर्धास्त असतात. मग पहिल्या सत्रात कोणते विषय घ्यायचे हा प्रश्न जुलै महिन्यात, मोबाइलवर, दहा-पंधरा मिनिटांत उरकला जातो. दोन वर्षांची तीन वर्षे होतात त्याचे मूळ बहुतेक वेळा या दहा-पंधरा मिनिटांत असते. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले-भाचरे-पुतणे तिकडे आहेत, म्हणून हा मजकूर जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पूर्वी नव्या विद्यार्थ्याला संगणकावर प्लेसमेंट परीक्षा, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचे ते ठरवणारी परीक्षा, द्यावी लागे. बरेच जण तयारी न करता जात, तासाभरात बाहेर पडत, आणि त्या एका तासाच्या गुणांवर त्यांना अंकगणित, प्राथमिक बीजगणित, मधले बीजगणित अशा पूर्वतयारीच्या पायऱ्यांवर बसवले जाई. या पायऱ्यांचे युनिट (विषयाचे वजन मोजायचे एकक) पुढे विद्यापीठात धरत नाहीत. समजा प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर जण पास झाले आणि मध्ये एकानेही कॉलेज सोडले नाही, तरी या तीन पायऱ्या आणि त्यापुढचे कॉलेजचे गणित असे चार टप्पे संपेपर्यंत चोवीस उरतात. प्रत्यक्षात मध्येच सोडणारेही असतातच. हे पाहून २०१७ साली एबी ७०५ हा कायदा झाला आणि २०१९च्या शरद सत्रापासून तो सगळीकडे लागू झाला. विद्यार्थी एका वर्षात विद्यापीठात धरले जाणारे इंग्रजी आणि गणित पूर्ण करील याची शक्यता वाढेल असेच प्लेसमेंट कॉलेजने दिले पाहिजे, आणि त्यासाठी परीक्षेऐवजी हायस्कूलचे गुण व विषय पाहिले पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना तीन वर्षांची मुदत आहे. २०२२च्या एबी १७०५ ने हे नियम आणखी आवळले. ज्या विज्ञान-अभियांत्रिकी शाखांना कॅल्क्युलस (विकलन-संकलन) लागते, त्यांच्या विद्यार्थ्यांना थेट कॅल्क्युलसमध्येच बसवायचे, आधीचा विषय सक्तीचा करायचा असेल तर त्याचा उपयोग होतो हे कॉलेजने दाखवून द्यायचे, हा भाग २०२५च्या उन्हाळ्यानंतर अमलात आला.

कायद्याची दिशा योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्यामुळे जबाबदारी कॉलेजकडून विद्यार्थ्याकडे सरकली, हे पालकांच्या लक्षात आलेले नाही. पूर्वी परीक्षा ठरवायची. आता विद्यार्थ्याने फॉर्ममध्ये काय भरले त्यावर ठरते. फॉर्म चुकला की प्लेसमेंट चुकते, आणि ते तपासायला सहसा कोणी बसलेले नसते.

हा फॉर्म म्हणजे राज्याच्या सामाईक ऑनलाइन अर्जातलाच एक भाग असतो किंवा कॉलेजच्या पोर्टलवर वेगळी प्रश्नावली असते. त्यात हायस्कूलचा जीपीए, म्हणजे श्रेणींची सरासरी, विचारतात, तोही अनवेटेड, म्हणजे ऑनर्स आणि एपी या वरच्या पातळीच्या विषयांचे जादा गुण न धरता, चारपैकी. इथल्या शाळेत शिकलेली मुले सर्रास ४.३ वगैरे वेटेड आकडा टाकतात. त्याने नुकसान सहसा होत नाही, कारण चूक वरच्या बाजूची असते. गणित आणि इंग्रजीचा सर्वांत वरचा विषय कोणता झाला आणि त्यात श्रेणी काय, हे पुढचे प्रश्न. २०१८ साली राज्याच्या चॅन्सेलर कार्यालयाने, म्हणजे या कॉलेजांच्या मुख्य कार्यालयाने, दिलेल्या मूळ कोष्टकात इंग्रजीसाठी २.६ ही रेषा होती. तिच्या वर असाल तर थेट कॉलेजचे इंग्रजी, १.९ ते २.६ असेल तर तेच इंग्रजी पण जोडीला सहायक वर्ग घ्यावा अशी शिफारस, त्याखाली तीच शिफारस जोर देऊन. स्टॅटिस्टिक्ससाठी ३.० आणि २.३ या रेषा. विज्ञान-अभियांत्रिकीच्या गणितासाठी ३.४, किंवा २.६ आणि हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस घेतलेले असणे. कॉलेजे आपापल्या परीने यात फेरफार करतात, तरी अनेकांच्या प्रश्नावलीच्या पोटात याच धाटणीच्या रेषा असतात.

आता महाराष्ट्र बोर्डाची बारावी झालेला विद्यार्थी हा फॉर्म भरतो तेव्हा काय होते ते पाहा. गुणपत्रिकेवर ६८ टक्के आहेत. तो कॅल्क्युलेटरवर ६८ ला ४ ने गुणून १०० ने भागतो आणि २.७२ लिहितो. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. अमेरिकन शाळेत ६८ म्हणजे काठावरचा ‘डी’. आपल्याकडे तो फर्स्ट क्लास. परदेशी गुणपत्रिकांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्था भारतीय टक्केवारी सरळ चारावर आणत नाहीत. साठच्या वरचे गुण त्या सहसा ‘ए’ किंवा ‘बी’च्या घरात बसवतात. त्यापुढचा प्रश्न गणिताचा. यादीत अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी नावे असतात. आपल्या गुणपत्रिकेवर मात्र नुसते ‘मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स’ लिहिलेले असते. कॅल्क्युलस हा शब्दच कुठे नाही, म्हणून मुलगा अल्जिब्रा २ वर नाहीतर ‘यापैकी नाही’वर टिचकी मारतो. खरे तर बारावी सायन्सच्या गणिताच्या दुसऱ्या भागात विकलन, विकलनाचे उपयोजन, अनिश्चित आणि निश्चित संकलन, विकल समीकरणे हे सगळे आहे. अमेरिकन हायस्कूलच्या भाषेत तो विद्यार्थी कॅल्क्युलस शिकलेला आहे. त्याने तसे नोंदवले असते, तर वरच्या कोष्टकात २.७२ या चुकीच्या आकड्यावरसुद्धा तो विज्ञान-अभियांत्रिकीच्या गणिताला थेट पात्र ठरला असता. यादीतल्या एका ओळीवर त्याचे एक सत्र अडते.

म्हणून बारावी भारतात झालेल्याने हा भाग स्वतःच्या अंदाजाने भरू नये. हायस्कूल अमेरिकेत झालेले नसेल, किंवा होऊन दहा वर्षे उलटली असतील, तर कॉलेजकडे ‘गाइडेड सेल्फ-प्लेसमेंट’ नावाची वेगळी वाट असते. तिथे नमुन्याची गणिते आणि लेखनाचे उतारे दाखवतात, प्रश्न विचारतात, आणि शेवटी निवड विद्यार्थ्यावर सोपवतात. ही निवड करताना आपले विद्यार्थी नम्रपणा दाखवतात आणि इथेच फसतात. ‘जरा खालून सुरू करू, पाया पक्का होईल’ हा घरचा सल्ला शाळेत चांगला. इथे खालून सुरू केल्याने साखळी एका सत्राने लांबते. ती कशी लांबते ते पुढे सांगतो. दरम्यान, आधी भरलेला फॉर्म चुकला असेल तर काउन्सेलरकडे गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची पाने नेऊन प्लेसमेंट बदलून घेता येते. निकाल कायमचा नसतो. विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या विषयातच थेट बसण्याचा हक्क विद्यार्थ्यांना समजावून सांगणे कॉलेजवर कायद्याने बंधनकारक आहे. कुणी खालचा वर्ग सुचवला तर ‘ही शिफारस आहे की अट?’ हे एक वाक्य विचारावे.

सहायक वर्गाविषयी गैरसमज फार. तो वेगळा खालचा विषय नसतो. मुख्य विषयाच्या जोडीने, त्याच सत्रात, एक-दोन युनिटचा जादा तास असतो, पुष्कळदा त्याच प्राध्यापकाचा. त्यात कमीपणा काही नाही. अडचण असलीच तर वेळापत्रकाची. सहायक वर्ग असलेला संच मंगळवार-गुरुवार सकाळी सलग तीन तास असा लावलेला असतो, आणि नोकरी करणाऱ्याची तिथे पंचाईत होते. संध्याकाळचे संच थोडे असतात आणि लवकर भरतात. इंग्रजी निबंधाची सवय नसलेल्या, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने हा संच जरूर घ्यावा. पहिल्या कॉलेज इंग्रजीत व्याकरणाला विशेष महत्त्व नसते. दिलेला लेख वाचून स्वतःचा मुद्दा मांडणे, त्याला आधार देणे, आधाराचा उल्लेख नियमाने करणे यावर गुण असतात. गाइडमधली उत्तरे पाठ करून बारावीचे इंग्रजी ऐंशीने सुटलेला विद्यार्थी पहिल्याच निबंधाला ‘सी’ पाहून हबकतो, त्याचे कारण हे.

गणिताच्या साखळीकडे येतो. कोणते गणित घ्यायचे हे विद्यार्थी किती हुशार आहे यावर नाही, पुढे काय शिकायचे यावर ठरते. मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंग यांना स्टॅटिस्टिक्स लागते. तिथे कॅल्क्युलस घेऊन काही साधत नाही, उलट जीपीए पणाला लागतो. ‘स्टॅट म्हणजे कच्च्यांचे गणित’ ही आपल्या घरांतली समजूत निव्वळ अज्ञान आहे. याच्या उलट चूकही होते. अर्थशास्त्राला स्टॅटिस्टिक्स पुरेल असे समजून मुलगी दोन सत्रे घालवते आणि मग कळते की यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) कॅम्पसना अर्थशास्त्रासाठी कॅल्क्युलसही हवे असते. जीवशास्त्राचेही बहुधा तसेच. संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीला तर पहिले कॅल्क्युलस, दुसरे, तिसरे, त्यानंतर किंवा जोडीने लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. शिवाय भौतिकशास्त्राचे तीन भाग, आणि पहिल्या भागाला कॅल्क्युलस झालेले किंवा चालू असावे लागते. दोन वर्षांत नियमित सत्रे चार. साखळीची पहिली कडी पहिल्या सत्रात घेतली तर चौथ्या सत्रात ती जेमतेम संपते. प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली की कॅल्क्युलस एका सत्राने सरकते, त्याच्याबरोबर भौतिकशास्त्र सरकते, आणि विद्यापीठे बहुधा शरद सत्रातच ट्रान्सफर घेत असल्याने प्रत्यक्षात सत्र नाही, वर्ष जाते. मात्र ज्याचे बीजगणित आणि त्रिकोणमिती खरोखरच कच्ची आहे त्याला थेट कॅल्क्युलसमध्ये ढकलणे मलाही पटत नाही. अशाने आधीच्या उन्हाळ्यात उजळणी करावी, सहायक वर्गाचा संच घ्यावा आणि त्या सत्रात दुसरा कोणताही जड विषय घेऊ नये.

जड म्हणजे किती, याचा हिशेब फार थोडे जण करतात. एका युनिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी असे धरतात. पंधरा युनिट घेतले तर आठवड्याचे पंचेचाळीस तास झाले. त्यावर वीस तासांची नोकरी आणि येण्याजाण्याचा वेळ मिळवा. बारा युनिटला विद्यार्थी पूर्णवेळ मानला जातो, पण साठ युनिट चार सत्रांत करायचे तर सत्राला पंधरा लागतात. बारा-बाराने अठ्ठेचाळीसच भरतात आणि उरलेले बारा उन्हाळ्यात काढावे लागतात. उन्हाळी सत्राचे गणित तर अगदीच वेगळे. पाच युनिटचे कॅल्क्युलस सहा आठवड्यांत घेतले तर आठवड्याला चाळीस-पंचेचाळीस तास त्या एकाच विषयाला जातात. भारतात सहलीला जाऊन यायचे आणि मध्ये ‘एक क्लास करून टाकायचा’ ही उन्हाळ्यातली मराठी योजना इथे कोसळते.

फीबद्दल एका परिच्छेदात. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टरच्या युनिटला ४६ डॉलर, हा दर २०१२च्या उन्हाळ्यापासून बदललेला नाही. पंधरा युनिटचे ६९० डॉलर होतात, वर आरोग्य वगैरेची किरकोळ शुल्के. राज्याबाहेरच्याला आणि एफ-१ वाल्याला युनिटमागे शेकड्यांत मोजावे लागतात. एच-४ धारकाला राज्यात एक वर्षाहून अधिक वास्तव्य आणि इथे राहण्याचा इरादा कागदांनिशी दाखवून रहिवासी दर मिळवता येतो. हे माहीत नसल्याने पहिल्या सत्रात जादा फी भरून मोकळी होणारी कुटुंबे आहेत. भाडेकरार, राज्याचे वाहन लायसन्स, राज्याच्या करविवरणाची प्रत अर्ज करतानाच तयार ठेवावी. वेळापत्रकात ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेले वर्गही शोधावेत. पुस्तकांचे शेकडो डॉलर वाचतात.

नोंदणीची तारीख प्रत्येकाला वेगळी मिळते. ओरिएंटेशन (कॉलेजची ओळख), प्लेसमेंट आणि एज्युकेशन प्लॅन (कोणत्या सत्रात कोणते विषय याचा आराखडा) हे तिन्ही पूर्ण करणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला आधीची तारीख, बाकीच्यांना उशिराची. ओरिएंटेशन ऑनलाइन असते, तासा-दोन तासांत होते, आणि ‘नंतर बघू’ म्हणून तेच राहते. मग ऑगस्टमध्ये इंग्रजीचे सगळे वर्ग भरलेले. अशा वेळी वेटलिस्टवर नाव घालावे, कॉलेजने दिलेला ईमेल दिवसातून दोनदा पाहावा, कारण जागा मोकळी झाल्यावर ती घ्यायला मोजकाच वेळ देतात. पहिल्या तासाला प्रत्यक्ष हजर राहावे. पहिल्या तासाला न येणाऱ्यांची नावे अनेक प्राध्यापक काढून टाकतात आणि रांगेतल्यांना वर्गात नाव घालण्यासाठी ॲड कोड देतात. विषय सोडायचा असेल तर दोन तारखा महत्त्वाच्या. पहिली, जिच्या आत सोडल्यास ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रिकेवर) काहीच उमटत नाही. सोळा-अठरा आठवड्यांच्या सत्रात ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते. दुसरी, जिच्या आत सोडल्यास ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, लागतो. त्यानंतर श्रेणीच, मग ती ‘एफ’ का असेना. अल्पमुदतीच्या वर्गांच्या तारखा स्वतंत्र असतात. सहा आठवड्यांच्या वर्गात पहिली तारीख काही दिवसांतच उलटते. नुसते जाणे बंद केले म्हणजे विषय सुटला, हा समज मुलांच्या डोक्यातून काढणे हे काउन्सेलरचे निम्मे काम आहे.

काउन्सेलरची भेट साधारण अर्ध्या तासाची असते. ऑगस्टमध्ये ती मिळत नाही, एप्रिल-मेमध्ये सहज मिळते. रिकाम्या हाताने गेल्यास अर्धा तास ‘तुला काय व्हायचे आहे’ यात संपतो. जाताना हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट, एपीचे गुण, इतर कॉलेजात काही केले असेल तर त्याची ट्रान्सक्रिप्ट, आणि असिस्ट या सरकारी संकेतस्थळावरून काढलेली पाने न्यावीत. असिस्टवर आपले कम्युनिटी कॉलेज, हवे ते यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), शाखा आणि वर्ष निवडले की कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी धरला जातो याचा तक्ता येतो. खासगी विद्यापीठे त्यात नाहीत. एकाच शाखेसाठी तीन कॅम्पसची तीन पाने शेजारी ठेवली की तिघांनाही हवे असलेले विषय कोणते आणि एकालाच हवा असलेला कोणता, हे डोळ्यांना दिसते. पहिल्या सत्रात तिघांना हवे असलेलेच घ्यावेत. भेट संपताना पुढच्या एक-दोन सत्रांचा छोटा प्लॅन नव्हे तर शेवटपर्यंतचा सविस्तर प्लॅन मागावा. तो पोर्टलवर नोंदला जातो आणि पुढच्या काउन्सेलरला दिसतो. आज एक, उद्या दुसरा काउन्सेलर भेटतो, त्यामुळे तोंडी सल्ल्याला अर्थ नाही.

मित्राच्या व्हॉट्सॲप सल्ल्याबद्दल थोडे. विषयांचे क्रमांक कॉलेजागणिक बदलतात. राज्याने आता सामाईक क्रमांक आणायला सुरुवात केली आहे, त्यामुळे पहिले इंग्रजी सगळीकडे इंग्लिश सी १०००, प्राथमिक स्टॅटिस्टिक्स स्टॅट सी १००० असे दिसू लागले आहे. पण हे अजून मोजक्या विषयांपुरते आहे. शाखा कोणतीही असली तरी लागणाऱ्या सर्वसाधारण विषयांचा जुना आयजीईटीसी नमुनाही २०२५च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी कॅल-जीईटीसीने बदलला, ३४ युनिटचा. त्यात भाषण-संवादाचा एक आणि वांशिक अभ्यासाचा एक विषय सगळ्यांना लागतो. थोरल्या भावाची यादी धाकट्याला जशीच्या तशी चालणार नाही. अभियांत्रिकीवाल्यांनी तर आधी शाखेचे विषय भरावेत. सर्वसाधारण विषयांची यादी पूर्ण करण्याच्या नादात भौतिकशास्त्र मागे पडलेला अर्ज विद्यापीठात टिकत नाही.

आणखी एक खास बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातली) चूक. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीची, बाकी बहुतेक सेमिस्टरची. क्वार्टर कॉलेजांचे शरद सत्र सप्टेंबरअखेर सुरू होते, म्हणून ऑगस्ट हुकलेले विद्यार्थी तिकडे धाव घेतात. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट. साठाऐवजी नव्वद लागतात. तेही ठीक. पण कॅल्क्युलसचा जो मजकूर सेमिस्टरच्या तीन भागांत असतो तो क्वार्टरच्या चार भागांत वाटलेला असतो. पहिला भाग डी अँझाला करून दुसरा सेमिस्टर कॉलेजात घेतला की मधला तुकडा कुठेच शिकलेला नसतो, आणि विद्यापीठ ती मालिका अपुरी धरू शकते. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवावी.

एफ-१ वर येणाऱ्यांना या सगळ्यावर आणखी बंधने. प्रत्येक नियमित सत्रात बारा युनिट हवेतच, आणि त्यांत ऑनलाइन फक्त एक वर्ग किंवा तीन युनिट धरतात. उशिरा नोंदणी झाली तर उरलेले वर्ग बहुधा ऑनलाइनच असतात, आणि बारा भरत नाहीत. एखादा विषय जड जातोय म्हणून सोडला आणि अकरा राहिले, तर आंतरराष्ट्रीय कार्यालयाची लेखी परवानगी आधी घेतलेली असावी लागते. नंतर घेतो म्हटले की व्हिसाचा दर्जाच जातो. भारतातले एजंट हे सांगत नाहीत. त्यांचे काम आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारे कॉलेजचे प्रवेशपत्र, हातात पडेपर्यंत.

हायस्कूलमधल्या मुलांना कॉलेजचे विषय घ्यायला लावणे ही सध्याची टूम आहे. एका सत्रात अकरा युनिटपर्यंत परवानगी असते आणि युनिटची फी बहुतेक ठिकाणी माफ. चांगली सोय आहे. पण तिथली श्रेणी कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर चढते. दहावीतल्या मुलाने सहा आठवड्यांच्या वर्गात मिळवलेला ‘डी’ पुढे प्रत्येक अर्जात दाखवावा लागतो.

भारतातली पदवी घेऊन आलेल्या एच-४ धारक महिलांना बहुधा दुसरी पदवी नको असते, ठरावीक विषय हवे असतात. प्रीस्कूलमध्ये शिक्षिका होण्यासाठी राज्याच्या परवाना नियमांप्रमाणे बालविकासाचे बारा युनिट लागतात. अकाउंटिंगवाल्यांना सीपीएसाठी (अमेरिकेतल्या सनदी लेखापालाच्या परवान्यासाठी) कमी पडणारे युनिट. त्यांनी फॉर्ममध्ये ‘ट्रान्सफर’ हे ध्येय निवडू नये. नाहीतर इंग्रजी-गणिताची नको ती साखळी प्लॅनमध्ये येते. भारतीय पदवीचे मूल्यांकन आधी करून घ्यावे, म्हणजे आधीचा विषय झालेला असण्याची अट त्यावरून माफ करून घेता येते.

ट्रान्सफरच्या हमीचे दोन प्रकार लोक एकमेकांत मिसळतात. एडीटी ही साठ युनिटची पदवी सीएसयूत कुठेतरी प्रवेशाची हमी देते, हव्या त्या कॅम्पसची नाही. सॅन होजे स्टेटचे संगणकशास्त्र मिळेलच असे नाही. यूसीचे टॅग, म्हणजे प्रवेशाच्या हमीचा करार, डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहांपैकी एकाच कॅम्पससाठी करता येते, काही शाखा वगळून. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर या महिन्यात भरायचा असतो, ट्रान्सफरच्या आदल्या वर्षी. दोन वर्षांत जायचे असेल तर हा महिना दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच येतो, म्हणजे त्या वेळी हातात फक्त पहिल्या वर्षाच्या श्रेणी असतात.

शेवटी आपल्या वृत्तपत्रामार्फत महाराष्ट्र राज्य मंडळाकडे एक मागणी. बारावीच्या गुणपत्रिकेसोबत, किंवा निदान संकेतस्थळावर, प्रत्येक विषयाच्या प्रकरणांची एका पानाची इंग्रजी यादी मंडळाच्या शिक्क्यानिशी उपलब्ध करावी. सायन्सच्या गणितात विकलन-संकलन आहे एवढे त्यावर छापलेले असले तरी इथल्या काउन्सेलरला निर्णय घेता येतो. तोवर विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकाच्या दोन्ही भागांची इंग्रजी अनुक्रमणिका स्कॅन करून गुणपत्रिकेबरोबर एकाच पीडीएफमध्ये ठेवावी आणि भेटीच्या आदल्या दिवशी ईमेलने पाठवावी. कनिष्ठ महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीने ती दिली तर उत्तम.

आपला,
कम्युनिटी कॉलेजातील एक समुपदेशक
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया